छोट्याशा प्रोग्रॅमची एवढी मोठी एक्झी का?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून दुकानं, पतसंस्था, दूध संकलन केंद्रं अशा ठिकाणचे जुने पीसी एकेक करून बदलले जाताहेत, आणि पीसी बदलला की जुनी सॉफ्टवेअर नव्यावर चढवायची वेळ येते. मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरचं फारसं अडत नाही. अडतं ते तालुक्यातल्याच कुणा ओळखीच्या पोराने खास आपल्यासाठी लिहून दिलेल्या प्रोग्रॅमचं. त्याची एक्झी, म्हणजे डबल क्लिक केलं की चालणारी फाइल, उघडायला जावं तर विंडोज निळी पाटी पुढे करतं: 'विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी'. कधी अँटिव्हायरस चकार शब्द न काढता फाइल गिळून टाकतो. त्यात मालकाला आणखी एक शंका येते. नुसती पावती तर छापायची आहे, त्याला ऐंशी एमबीची फाइल कशाला? आत काही भलतंसलतं भरलंय का?

बहुतेक वेळा तसं काही नसतं. ही सगळी दुखणी एकाच जागची आहेत: प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिलाय, तिच्या स्वभावातली. हल्ली ती भाषा बहुधा पायथॉन असते, म्हणून तेच उदाहरण धरून बोलू.

## कोड आणि तो चालवणारा

सी किंवा गो या भाषांत लिहिलेला कोड आधीच प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांमध्ये बदलून घेतात, त्याला कंपाइल करणं म्हणतात. त्यातून निघालेली फाइल विंडोज थेट चालवतं. पायथॉनचं तसं नाही. पायथॉनचा कोड चालवायला आणखी एक प्रोग्रॅम लागतो, त्याला इंटरप्रिटर म्हणतात. तो कोड वाचतो, बाइटकोड नावाच्या एका मधल्या रूपात आणतो आणि मग पायरी-पायरीने अमलात आणतो. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये पायथॉन पहिल्यांदा लोकांसमोर ठेवला, तेव्हापासून त्याची घडण अशीच आहे. लिहिणाऱ्याची यात चैन असते. एक ओळ बदलली की लगेच चालवून बघता येते.

शिवाय पायथॉनमध्ये कुणी सगळं मुळापासून लिहीत नाही. एक्सेल वाचायला, प्रिंटरशी बोलायला, वजनकाट्याचा आकडा घ्यायला दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड मिळतो. या तयार कोडला लायब्ररी म्हणतात. आपल्या पोराने स्वतः लिहिलेला कोड हजार-दोन हजार ओळींचा, म्हणजे शंभर केबीच्या आतबाहेरचा. तो ज्यांच्या जिवावर चालतो तो इंटरप्रिटर आणि त्या लायब्ररी त्याच्या पीसीवर असतात, ग्राहकाच्या पीसीवर नसतात.

## मग ग्राहकालाच पायथॉन टाकायला सांगा ना

सांगून बघा. विंडोज १० किंवा ११ वर पायथॉन नसताना कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'पायथॉन' टाइप केलं तर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. तिथून घ्यायचा, की पायथॉनच्या साइटवरून? कुठली आवृत्ती? इन्स्टॉल करताना खालची 'ॲड टू पाथ'ची चौकट टिक करायची राहिली की लगेच फोन. लायब्ररी उतरवायला इंटरनेट हवं, आणि आज उतरवलेली लायब्ररी सहा महिन्यांपूर्वीच्या लायब्ररीसारखीच वागेल याची हमी नाही. त्याच पीसीवर दुसऱ्या कुणाचा प्रोग्रॅम वेगळी आवृत्ती मागत असेल तर दोघांचं जमवताना नाकी नऊ येतात.

आयकर विवरणपत्रं भरणाऱ्यांना हा ताप चांगला ठाऊक आहे. खात्याची ऑफलाइन युटिलिटी बरीच वर्षं जावावर चालायची. त्यासाठी पीसीवर आधी जावाचं रनटाइम, म्हणजे जावा भाषेतला कोड चालवणारा प्रोग्रॅम, टाकलेलं लागायचं, आणि तेही ठरावीक आवृत्तीचं. मुदत जवळ आली की सीएंच्या ऑफिसात अर्धा वेळ आकडेमोडीत आणि अर्धा 'जावा सापडत नाही'च्या भानगडीत जायचा. २०२१ मध्ये नवं पोर्टल आलं, आणि त्याबरोबरची युटिलिटी स्वतःला लागणारं सगळं घेऊन येणाऱ्या सेटअपच्या रूपात मिळू लागली. पायथॉनवाल्यांचा मार्गही तोच.

## सगळं बरोबर घेऊन निघायचं

दौऱ्यावर निघालेल्या नाटक कंपनीची बस आठवा. संहिता आणि नटमंडळी तर असतातच, पण नेपथ्य, कपडेपट, दिवे, ध्वनियंत्रणा हेही बसच्या टपावर आणि पोटात भरलेलं असतं, कारण पुढच्या गावच्या नाट्यगृहात काय धड असेल याचा भरवसा नाही. इथे कोड ही संहिता, इंटरप्रिटर हा नटसंच आणि लायब्ररी हा बाकीचा पसारा. नाट्यगृहाकडून घ्यायचा तो फक्त रंगमंच आणि वीज, म्हणजे विंडोज. ते काही बसमध्ये भरून नेता येत नाही, हे विसरलं की काय होतं ते पुढे येईलच.

हा पसारा बांधायला तयार साधनं आहेत. सगळ्यांत जास्त वापरात आहे पायइन्स्टॉलर. तो कोडमधल्या 'इम्पोर्ट'च्या ओळींचा माग काढत कुठल्या लायब्ररी लागतात ते शोधतो, त्या गोळा करतो, इंटरप्रिटरच्या डीएलएल फाइली, म्हणजे एक्झीला चालताना लागणारे कोडचे सुटे भाग, जोडतो आणि सगळ्याच्या पुढे सी भाषेतला एक छोटा प्रोग्रॅम ठेवतो. त्याला बूटलोडर म्हणतात. डबल क्लिक केल्यावर आधी जागा होतो तो बूटलोडर, आणि तो आतल्या इंटरप्रिटरला कामाला लावतो. नुसतं 'नमस्कार' छापणारा प्रोग्रॅमही असा बांधला की काही एमबींचा होतो. त्यात क्यूटीच्या देखण्या खिडक्या आणि आकडेमोडीसाठी पांडाज घातलं की शंभर एमबी सहज ओलांडतात. मालकाला दिसलेल्या ऐंशी एमबींतला पोराचा स्वतःचा वाटा चिमूटभरच असतो.

यात नवं काही नाही. फॉक्सप्रो या डेटाबेसच्या भाषेच्या जमान्यात आपल्याकडे असंख्य हिशेबाची सॉफ्टवेअर चालली. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ मध्ये बांधलेली एक्झी 'व्हीएफपी९आर' ही डीएलएल शेजारी नसेल तर जागची हलत नसे, म्हणून ती फ्लॉपी-सीडीतून सोबत न्यावी लागे. टीसीएल या भाषेत तर जाँ-क्लॉद विपलर यांच्या टीसीएलकिटमुळे इंटरप्रिटर, कोड, चित्रं असं सगळं एकाच फाइलमध्ये मावायचं, आणि चालताना ती फाइलच प्रोग्रॅमला आतून फोल्डरसारखी दिसायची. कुठे काही सोडवून ठेवायची गरजच नाही. इतकी सफाई पायथॉनच्या नेहमीच्या साधनांत अजून दिसत नाही, असं माझं मत.

तुमच्या विंडोजवर लिबरऑफिस असेल तर त्याचं 'प्रोग्रॅम' फोल्डर उघडून बघा. आत 'पायथॉन-कोअर' नावाचं फोल्डर दिसेल. लिबरऑफिसने स्वतःपुरता पायथॉन बरोबर आणलेला असतो. ब्लेंडर, कॅलिबर यांचंही तेच.

## एकच फाइल की अख्खं फोल्डर?

पायइन्स्टॉलर दोन प्रकारे बांधून देतो. एका प्रकारात फोल्डर मिळतं: एक्झी आणि तिच्याशेजारी बाकीच्या फाइली. २०२३ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून या फाइली 'इंटर्नल' नावाच्या पोटफोल्डरमध्ये जातात. दुसऱ्या प्रकारात सगळ्याची मिळून एकच एक्झी. नवशिके हमखास दुसऱ्यावर भाळतात. ग्राहकाला एक फाइल पाठवली की झालं, कोण त्या फोल्डरच्या भानगडीत पडतो!

पण ती एक फाइल चालते कशी ते बघा. प्रत्येक वेळी डबल क्लिक केलं की बूटलोडर आतला सगळा माल विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये नव्याने उलगडतो, तिथून प्रोग्रॅम चालवतो, आणि प्रोग्रॅम बंद झाला की ते पुसून टाकतो. म्हणजे दर प्रयोगाला नेपथ्य उभं करायचं आणि मोडायचं. जुन्या हार्डडिस्कच्या पीसीवर खिडकी दिसायला इतका वेळ लागतो की माणूस पुन्हा डबल क्लिक करतो, आणि दोन प्रोग्रॅम उघडतात. वीज गेली किंवा टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम मारला तर उलगडलेला माल टेम्पमध्ये तसाच पडून राहतो आणि साठत जातो.

खरा घात वेगळाच आहे. समजा दूध संकलनाचा प्रोग्रॅम आहे. लिहिणाऱ्याने नोंदींची डेटाबेस फाइल 'कोडच्या शेजारी' ठेवायची असं ठरवलं. त्याच्या पीसीवर कोड एका जागी असतो, त्यामुळे काहीच बिघडत नाही. एकाच एक्झीत बांधल्यावर मात्र 'कोडच्या शेजारी' म्हणजे ते टेम्पमधलं तात्पुरतं फोल्डर. सकाळच्या पाळीत सभासदांचं दूध मोजलं, फॅट आणि एसएनएफ नोंदवलं, पावत्या निघाल्या, प्रोग्रॅम बंद केला. संध्याकाळी उघडावा तर सकाळची एकही नोंद नाही. कुणी काही पुसलेलं नाही, प्रोग्रॅमने कुठे चूकही दाखवली नाही. बूटलोडरने आपलं काम चोख केलं, एवढंच.

म्हणून प्रोग्रॅम आणि डेटा यांची घरं पहिल्या दिवसापासून वेगळी हवीत. डेटा ठेवायचा 'प्रोग्रॅमडेटा' किंवा 'ॲपडेटा'मध्ये. 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये नको, कारण तिथे लिहायची परवानगी साध्या वापरकर्त्याला नसते. आणि ग्राहकाला एकच फाइल हवी असेल तर फोल्डर प्रकाराने बांधून ते इनो सेटअपसारख्या फुकट साधनाने सेटअप फाइलमध्ये भरावं. पाठवायला एक फाइल, पण माल एकदाच उलगडतो. डेस्कटॉपवर आयकॉन येतो आणि अनइन्स्टॉलची सोयही होते. ज्या कामाचे पैसे घेतलेत तिथे एकाच एक्झीचा हट्ट मला तरी पटत नाही.

## 'माझ्याकडे तर चालतंय'

हे वाक्य ऐकू आलं की तीन ठिकाणी बघावं.

पहिलं, राहून गेलेल्या लायब्ररी. पायइन्स्टॉलर 'इम्पोर्ट'च्या ओळी वाचतो, पण काही लायब्ररी आपले भाग आयत्या वेळी, नाव जुळवून मागवतात. ते त्याला दिसत नाहीत, वेगळे सांगावे लागतात. पावतीवरचा लोगो आणि फाँट यांचंही तसंच.

दुसरं, मराठी. हे आपलं खास दुखणं. विंडोजवर पायथॉन साधी टेक्स्ट फाइल उघडतो तेव्हा अक्षरांची पद्धत विंडोजच्या सेटिंगवरून ठरवतो, आणि आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ती बहुधा १२५२ क्रमांकाची पाश्चात्त्य पद्धत असते. तिच्यात देवनागरी नाहीच. लिनक्सवर किंवा मॅकवर बसून लिहिणाऱ्याला ती अडचण कधी दिसत नाही, कारण तिथे यूटीएफ-८ ही देवनागरीसकट सगळ्या लिपी सामावणारी पद्धत असते. ग्राहकाकडे 'सौ. मंगल' असं सभासदाचं नाव फाइलमध्ये लिहायला गेलं की प्रोग्रॅम 'युनिकोड एन्कोड एरर' देऊन कोलमडतो. उपाय सोपा: फाइल उघडताना दर वेळी यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहायचं. पायथॉन ३.१५ पासून तेच गृहीत धरायचं ठरलंय, पण जुन्या आवृत्तीवर बांधलेल्या प्रोग्रॅमला त्याचा काय उपयोग?

तिसरं, खालचं विंडोज. मघाचा रंगमंच तो हाच. विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती पायथॉन ३.८. त्यापुढच्या आवृत्तीवर बांधलेली एक्झी विंडोज ७ वर उघडली की 'एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ'ने सुरू होणारी अमुक डीएलएल सापडत नाही, असा निरोप येतो. मग लोक ती डीएलएल गूगलवर शोधून कुठल्या तरी साइटवरून उतरवतात. कृपा करून हे करू नका. विंडोज ७ वरच राहायचं असेल तर प्रोग्रॅम ३.८ वर बांधून घ्यावा लागेल, आणि ३.८ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबलंय, हे समजून उमजून. जुना पीसी ३२-बिट असेल तर ६४-बिट एक्झी त्यावर चालणारच नाही. उलट चालतं.

आणखी एक: पायइन्स्टॉलर ज्या प्रणालीवर बसून बांधाल तिच्यासाठीच बांधतो. मॅकवर बसून विंडोजची एक्झी निघत नाही.

## अँटिव्हायरस याला व्हायरस का म्हणतो?

कारण व्हायरस लिहिणारेही पायइन्स्टॉलर वापरतात. साधन फुकट आहे, सोपं आहे, आणि त्याचा तयार बूटलोडर सगळ्यांच्या एक्झीत अक्षरशः तोच असतो. एखाद्या घातक फाइलची खूण नोंदवताना तिच्यातल्या बूटलोडरचे बाइट त्यात आले, तर तोच बूटलोडर असलेली तुमची पावती छापणारी एक्झीही त्या जाळ्यात सापडते. त्यात एकाच फाइलचा प्रकार असेल तर वागणूकही संशयास्पद: टेम्पमध्ये डीएलएल टाकायच्या आणि तिथून त्या चालवायच्या. व्हायरस हेच करतात.

लिहिणाऱ्याच्या हातात बरंच काही आहे. फोल्डर प्रकार वापरावा, एक्झी दाबून लहान करणारं यूपीएक्स वापरू नये, बूटलोडर स्वतःच्या पीसीवर नव्याने कंपाइल करून घ्यावा. तरीही फाइल पकडली गेली तर अँटिव्हायरस कंपनीकडे 'चुकून पकडलं' अशी तक्रार नोंदवता येते. 'अँटिव्हायरस बंद करून टाका' असं सांगणारा मात्र आपली जबाबदारी तुमच्या गळ्यात मारतोय.

निळी पाटी ही वेगळी गोष्ट. ती दाखवतं विंडोजचं स्मार्टस्क्रीन. ब्राउझरने इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलला विंडोज 'बाहेरून आलेली' अशी खूण चिकटवतं, आणि अशी फाइल फारशी कुणी वापरलेली नसेल, बनवणाराही अनोळखी असेल, तर पाटी येते. त्या एक्झीत वाईट काही सापडलं असा तिचा अर्थ नाही. विंडोज तिला ओळखत नाही, इतकंच. तीच फाइल पेनड्राइव्हवरून आणली तर सहसा खूणच नसते, म्हणून पाटीही येत नाही. फाइल खात्रीच्या माणसाकडून, खात्रीच्या मार्गाने आली असेल तर 'मोअर इन्फो' दाबून 'रन एनीवे' करता येतं. त्या माणसाला आधी एक फोन करावा.

कायमचा उपाय म्हणजे एक्झीवर डिजिटल सही. त्यासाठी कोड सायनिंगचं प्रमाणपत्र विकत घ्यावं लागतं, आणि १ जून २०२३ पासून त्याची गुप्त किल्ली यूएसबी टोकनसारख्या सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवायचं बंधन आहे. टोकन म्हटल्यावर कंत्राटदार आणि सीए विचारतील की आमची ई-निविदेची डीएससी चालेल का. नाही चालत. कागदपत्रांवर सही करायचं प्रमाणपत्र वेगळं, प्रोग्रॅमवर करायचं वेगळं. सही केली म्हणून पाटी त्याच दिवशी जात नाही. महागडं, जास्त कडक पडताळणीचं ईव्ही प्रमाणपत्र घेतलं की लगेच विश्वास मिळायचा, ती सवलतही मायक्रोसॉफ्टने काढून घेतली. पण सहीमुळे पाटीवर 'अननोन पब्लिशर'च्या जागी नाव येतं, आणि फाइल वाटेत कुणी बदलली तर ते कळतं. सही करताना वेळेचा शिक्का मारून घेतला तर प्रमाणपत्राची मुदत संपल्यावरही जुनी सही ग्राह्य राहते. दोन-तीन ग्राहक असलेल्या पोराला हा वार्षिक खर्च परवडत नाही, हे खरंच आहे. त्याने कोटेशनमध्ये तसं लिहावं आणि ग्राहकाने ठरवावं.

## कुणी कोड काढून घेतला तर?

काढता येतो. बांधलेली एक्झी सोडवून आतला बाइटकोड बाहेर काढणारी साधनं फुकट मिळतात, आणि बाइटकोडवरून मूळ कोडचा बराचसा अंदाज बांधता येतो. पायइन्स्टॉलरमध्ये बाइटकोड कुलूपबंद करायची सोय होती, ती सहाव्या आवृत्तीत काढून टाकली. किल्ली त्याच एक्झीत ठेवावी लागायची, मग कुलपाला अर्थ काय राहिला?

ड्रॉपबॉक्सचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर पायथॉनमध्ये लिहिलेलं होतं. त्यांनी स्वतःचा बदललेला इंटरप्रिटर घातला, बाइटकोडची उलटापालट केली. २०१३ मध्ये दोन संशोधकांनी तेही उलगडून जाहीर निबंधात मांडलं. नुइटका हे साधन पायथॉनचं सीमध्ये रूपांतर करून मग कंपाइल करतं, त्याने काम अवघड होतं, अशक्य होत नाही. तालुक्याच्या पातळीवर कोड चोरीची भीती बहुधा अवास्तव असते. डेटाबेसचा किंवा ईमेलचा पासवर्ड कोडमध्ये लिहून ठेवलेला असणं ही भीती वास्तव आहे.

## मग वेबसाइटच का नाही?

बऱ्याच कामांना वेबसाइटच बरी. पण पहाटे सहाला संकलन सुरू होतं, रेंज नसते, आणि मिल्क ॲनालायझर सिरियल केबलने पीसीला जोडलेला असतो. क्रोममधून २०२१ पासून सिरियल पोर्ट वाचता येतो, तरी नेटवाचून काम चालू ठेवायचं तर तो सगळा घाट वेगळा घालावा लागतो. गो भाषेत लिहिलं तर एक आटोपशीर एक्झी मिळते, हेही खरं. नवीन काम असेल आणि लिहिणाऱ्याला गो येत असेल तर जरूर लिहावं. चालू असलेला पायथॉन प्रोग्रॅम केवळ साठ एमबी वाचवायला पुन्हा लिहिणं हा मात्र पैशांचा चुराडा.

## इंटरप्रिटर तुम्ही आणलात, आता तो तुमचा

आकारावरून एवढी चर्चा होते, आणि खरा बोजा इथे आहे. विंडोज अपडेट विंडोजच्या फाइली दुरुस्त करतं. तुमच्या फोल्डरमध्ये बसलेल्या पायथॉनला किंवा त्याच्याबरोबर आलेल्या ओपनएसएसएल या नेटवरचा संपर्क सुरक्षित ठेवणाऱ्या लायब्ररीला ते हात लावत नाही. त्यांच्यात सुरक्षेची त्रुटी निघाली तर नवी आवृत्ती घालून पुन्हा बांधायचं, पुन्हा तपासायचं, पुन्हा पाठवायचं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीत भयंकर भगदाड सापडलं तेव्हा जगभरच्या कंपन्यांचा वेळ दुरुस्तीपेक्षा ती लायब्ररी कुठकुठल्या सॉफ्टवेअरच्या पोटात आहे हे शोधण्यात गेला. जो तो आपापली प्रत बरोबर घेऊन आलेला.

म्हणून पैसे देताना फक्त सेटअप फाइल घेऊ नका. मूळ कोड, लायब्ररींची आवृत्तीसकट यादी आणि पायइन्स्टॉलरची 'स्पेक' फाइल, म्हणजे काय-काय कसं बांधायचं याची नोंद, हे तिन्ही मागून घ्या. पायथॉनची नेमकी आवृत्ती त्यात लिहिलेली हवी. लिहिणारा उद्या पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला लागला, तर या तीन गोष्टींवरून दुसरा कुणीही तुमचा प्रोग्रॅम दिवसाभरात पुन्हा बांधून देईल. नुसत्या एक्झीवरून देणार नाही.